वाटीभर पाणी

१९७२ च्या दुष्काळात नीरा नदी कोरडी पडली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या बावडा गावच्या बायका पहाटे पात्रात उतरून वाळूत झिरे काढायच्या, आणि मी आईच्या मागं घागर घेऊन जायचो. हातभर वाळू उपसली की तळाशी ओल दिसे. मग थांबायचं. पहिल्या दोन वाट्या गढूळ, त्या बाजूला ओतायच्या. नंतर पाणी जमेल तसं वाटी तिरकी धरून अलगद भरायचं, घागरीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यातून गाळायचं आणि पुन्हा थांबायचं. मी घाईनं वाटी खरवडली की कडेची वाळू ढासळायची आणि सगळंच गढूळ व्हायचं. "ओरबाडू नको रे. येतंय ते," आई म्हणायची.

त्या थांबण्यात ती गायची. 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहातली नारायण वामन टिळकांची भजनं तिला पाठ होती. वाचता येत नव्हतं, सगळं ऐकून ऐकून. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, रात्री मिलो ज्वारीची भाकरी खायची, आणि पहाटे ही बाई वाळूत बसून गाते आहे! हिला दुष्काळ कळलेलाच नाही, असं मला त्या वयात वाटायचं. तिला तो माझ्याहून कितीतरी जास्त कळला होता, हे समजायला माझं निम्मं आयुष्य गेलं.

देवाच्या ठायी आनंद करा, हे आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेत यायचं. मी ते आज्ञेसारखं ऐकत आलो. संकट आलं तरी तोंड हसरं ठेवायचं, रडलं तर विश्वास कमी पडला, असा त्याचा अर्थ मी धरून बसलो होतो. पुढं पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्ष वाचली आणि तो अर्थ माझ्या हातून सुटला.

रमाबाई तशा आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांचं मुक्ती मिशन केडगावला, दौंडच्या पुढं. रेल्वेनं पुण्याला जाताना मी कितीदा ते स्टेशन पाहिलंय. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील गेले, आई गेली, बहीण गेली. आईला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, म्हणून रमाबाईंनी खांदा दिला. त्यांची उंची कमी, तिरडी खांद्याला पोचेना, ती त्यांनी डोक्यावर घेतली. पुढं भावाबरोबर पायी भटकताना झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले आणि फक्त डोकी बाहेर ठेवून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. हे वाचलं त्या रात्री मला नीरेतले झिरे आठवले. आम्ही वाळू उकरली ती पाण्यासाठी. या दोघांनी उकरली ती जिवंत राहायला.

पुढं भाऊ गेला. लग्न झालं, आणि १८८२ साली नवराही गेला. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथं गोष्ट संपावी, सगळं गोड व्हावं, असं वाचणाऱ्याला वाटतं. त्यांनी स्वतः मात्र लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटल्याची खूण पटली आणि आनंद आला, त्याला आणखी आठेक वर्षं लागली. एवढ्या मोठ्या विदुषीनं हे कबूल करावं, याचा मला फार आधार वाटतो. बाप्तिस्मा पाण्यानं एका दिवसात होतो. आनंदाचं पाणी सावकाश जमतं.

आणि तो आनंद आला म्हणून संकटं थांबली नाहीत. १८९३ साली पुण्यात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या. मग दुष्काळ, प्लेग. पण त्या दुष्काळांत रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात जाऊन आणि गुजरातेतूनही उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या. दुष्काळानं जिचं घर रिकामं केलं, तिनं दुष्काळातल्या लेकींनी घर भरलं. ऐकू येणं कमी होत गेलं तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. मुक्तीतल्याच बायका त्याचे छपाईचे खिळे जुळवायच्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

त्याच बायबलात हबक्कूक नावाचा एक संदेष्टा आहे. पुस्तक तीनच अध्यायांचं, आणि सुरुवातच देवाशी भांडणानं. शेवटी मात्र तो शेतकऱ्यासारखी झडती घेतो: अंजीर गेलं, द्राक्ष गेलं, शेतात काही नाही, गोठा रिकामा. आणि तिथंच, त्या रिकाम्या गोठ्याच्या दाराशी उभा राहून, मी देवाच्या ठायी आनंद करीन असं म्हणतो. आमच्या इंदापूर तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेलेली आणि जनावरं चारा छावणीला नेऊन बांधलेली, असे दिवस इथं सगळ्यांनी पाहिलेत. हबक्कूक एकही नुकसान झाकत नाही, म्हणून त्याचा आनंद मला खरा वाटतो.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी बायकोची किडनी निकामी झाली तेव्हा माझी प्रार्थना बंद पडली. आठवड्यातून दोनदा नदी ओलांडून अकलूजला डायलिसिसला जायचं. चहा, आमटी, ताक सगळं धरून दिवसाला पाऊण लिटर, त्याहून थेंब जास्त नाही. ऐन वैशाखात. पेल्यानं प्यायलं की दोन घोटांत संपतं, म्हणून ही वाटीनं प्यायची. प्रत्येक वेळी डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग घोट. पाण्याच्या वाटीला उपकारस्तुती! मला ते बघवायचं नाही. एकदा परतताना सराटीच्या पुलावर मी विचारलंच, "तुला देवाचा राग येत नाही?"

"येतो की. त्यालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू?" थोडं थांबून म्हणाली, "पण सांगून झालं तरी तो उठून जात नाही, अहो. बसूनच असतो. मग बरं वाटतं. लई बरं वाटतं."

ती जाऊन तीन वर्षं झाली.

तिच्या शेवटच्या आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून सराटीकडं निघाली, ती नेहमीसारखी आमच्या बावड्यावरून. भजनं लिहिणारे टिळक ख्रिस्ताकडं आले ते तुकोबांचा हात धरून, असं ते स्वतः सांगत, त्यामुळं आमच्या घरात पालखी कधीच परकी नव्हती. हिनं दारात खुर्ची मागितली, शेजारी पाण्याचं पिंप ठेवायला लावलं. सुजलेल्या हातांनी तांब्या धरून दोन तास ती वारकऱ्यांच्या ओंजळीत पाणी ओतत होती. मी दोनदा तांब्या घ्यायला गेलो, दिला नाही. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पहाटेच्या वाळूत.

एक म्हातारी पोटभर प्यायली, ओले हात चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाली, "आता तू पी की, माऊली. ओठ सुकलेत तुझे."

ही हसली. खुर्चीखालची वाटी उचलली, डोळे मिटले. म्हातारीही हात जोडून उभी राहिली. हिनं एक घोट घेतला, उरलेल्या पाण्यावर ताटली झाकली आणि पुढच्या ओंजळीसाठी तांब्या बुडवला.