पाच तोळ्यांचा हिशेब

नातीच्या लग्नाकरिता सोने घ्यावयाचे म्हणून गेल्या महिन्यात आमच्या घरी भावाची बरीच चर्चा झाली. आम्ही मात्र गप्प होतो. त्याच दिवसांत वेल्समधील क्लोगाय नामक एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीची हकीकत आमच्या वाचनात आली होती, आणि तीतील आकडे मनातून जात नव्हते.

वायव्य वेल्समध्ये मौदाख नदीच्या खाडीलगतच्या डोंगरात ही खाण आहे. मूळची ती तांब्याची. १८५४ साली तेथील गारगोटीत सोने आढळले. सोन्याची शीर मोठी लहरी. हातभर दगड सोन्याने भरलेला निघावा, आणि पुढे कित्येक हात नुसती गारगोटी लागावी. १८६२ ते १९११ या काळात सुमारे १,६५,००० टन दगड फोडला, तेव्हा सुमारे ७८,००० औंस सोने हाती आले. म्हणजे टनामागे जेमतेम सव्वा तोळा! १९११ नंतर मोठे काम थांबले. अधूनमधून थोडे झाले, तेही १९९८ साली संपले.

खाणीचे नाव राहिले ते मात्र लग्नाच्या अंगठ्यांमुळे. १९२३ साली यॉर्कच्या ड्यूकने, म्हणजे पुढील सहाव्या जॉर्ज राजांनी, वधूस दिलेली अंगठी याच सोन्याची. त्याच गोळ्यातून १९४७ साली त्यांच्या कन्येची, पुढे राणी झालेल्या एलिझाबेथची, अंगठी घडविली गेली.

आमच्या मातोश्रींच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या होत्या. आमच्या मॅट्रिकच्या वर्षी त्या मोडल्या गेल्या. ‘पहिल्या पगारातून तुला नव्या करीन,’ असे आम्ही वचन दिले. पहिला पगार झाला, दहावा झाला, संसार वाढला. पाटल्या झाल्या नाहीत, आणि मातोश्रीही राहिल्या नाहीत. त्यांनी एकदाही आठवण दिली नाही.

पृथ्वीस ‘वसुंधरा’ म्हणतात. त्याचा अर्थ धन धारण करणारी, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. धारण करणारी ती सहजासहजी सोडीत नाही. क्लोगायच्या मानाने पाच तोळ्यांना चार टन दगड फोडावा लागला असता. मातोश्रींनी ते एका सकाळी हातांतून उतरवून दिले.

वाचकहो, नातीस आम्ही पाटल्याच केल्या. पाच तोळ्यांच्या. कोणासाठी, हे घरात कोणी विचारले नाही.