चारशे पस्तीस जोड्या

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण म्हणजे एक यंत्र नव्हे, ३० यंत्रांचा संसार आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या या तबकड्यांपैकी १४ मधल्या पट्ट्यात दाटीनं उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ वाय अक्षराच्या तीन हातांवर शेताशिवारांतून लांब पसरल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर पडतं. एकटी तबकडी आकाशाचं बारकं चित्र काढू शकत नाही. कोणत्याही दोन तबकड्यांकडे आलेली लहर एकमेकींशी पडताळायची, असं प्रत्येक जोडीचं करायचं, आणि त्या पडताळ्यांतून चित्र उभं करायचं, ही दुर्बिणीची रीत. तिसांच्या जोड्या होतात ४३५. एक तबकडी बंद पडली की २९ जोड्या जातात आणि ४०६ उरतात. चार बंद पडल्या की उरतात ३२५. म्हणजे यंत्राचा सातवा हिस्साही थांबलेला नसताना चित्राचा चौथा हिस्सा गेलेला असतो. त्यातली एखादी हाताच्या टोकाची असेल तर हानी आणखी मोठी, कारण आकाशातला सर्वांत बारीक तपशील लांबच्या जोड्याच देतात. हे गणित शाळकरी आहे, पण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. दुर्बिणीची देखभाल हे संशोधनाच्या अलीकडचं, उंबऱ्याबाहेरचं काम नव्हे. आकाशाबद्दल आपण काय खरं मानू शकतो हे त्या कामावर ठरतं, म्हणून ते संशोधनातच मोजलं पाहिजे.

या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी या तबकड्या स्वस्तात बसवल्या, त्या एका साध्या निरीक्षणाच्या बळावर. ही दुर्बीण टिपते त्या लहरींची लांबी वीतभर ते दोनेक मीटर. एवढ्या लांब लहरीला जाळी आणि सलग पत्रा यांतला फरक जाणवत नाही. म्हणून पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेची जाळी, आणि ती ताणून धरायला दोरांचा सांगाडा. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून खालचा डोलारा हलका चालतो, म्हणून खर्च कमी. मात्र ही काटकसर एकदाच करून संपलेली नाही. ताणलेली तार सैल पडते, पोलादाला गंज चढतो, आणि जाळीचा आकार बिघडला तर लहरी नाभीशी नीट जमत नाहीत. स्वस्त बांधणीचा उरलेला हप्ता दरवर्षी रंगानं, ताणानं आणि उंचावर चढणाऱ्या माणसांच्या श्रमानं फेडावा लागतो. नाभीशी एक फिरता मनोरा असतो; त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या लहरींसाठीचे ग्राहक बसवलेले असतात आणि निरीक्षण बदललं की योग्य बाजू तबकडीसमोर आणावी लागते. तबकडी फिरवणाऱ्या मोटारी, क्षीण संकेत वाढवणारे प्रवर्धक, तो मध्यवर्ती इमारतीपर्यंत नेणाऱ्या प्रकाशतंतूंच्या वाहिन्या, यांतलं प्रत्येक ३० ठिकाणी आहे, उघड्या माळावर, पावसाळ्यातल्या विजांखाली. वाऱ्याचा जोर वाढला की निरीक्षण सोडून तबकड्यांची तोंडं थेट माथ्यावरच्या आकाशाकडे वळवून त्या कुलूपबंद कराव्या लागतात. रात्रपाळीचा चालक हा निर्णय घेतो तेव्हा तो कुणाच्या तरी कित्येक महिन्यांच्या प्रतीक्षेवर पाणी सोडत असतो, आणि तो बरोबर असतो.

कुणाच्या प्रतीक्षेवर, हा प्रश्न इथे नाजूक आहे, कारण ही दुर्बीण कुणा एकाची नाही. ती चालवते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. पण २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, समिती ते तपासते, आणि मागणी नेहमीच उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असते. (नारायणगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्यांसाठी. तिथून दहा किलोमीटरवर आणखी एका फडाच्या तारखांसाठी एवढीच चुरस असावी, याचं मला फार कौतुक वाटतं.) ज्याला वेळ मिळतो तो बहुधा खोडदला येतही नाही, त्याच्याकडे पोचतात आकडे. त्या रात्री कोणती तबकडी थांबली होती, कोणता प्रवर्धक कुरकुरत होता, कुठल्या क्षणी परिसरातल्या वीजवाहिनीच्या ठिणग्या नोंदीत शिरल्या, हे त्याला कुणी तरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं असेल तरच कळणार. स्वतःच्या घरच्या दुर्बिणीचे दोष माणसाला सवयीनं पाठ असतात. सामायिक दुर्बिणीत सवयीची जागा नोंदवहीला घ्यावी लागते. आणि वहीचा वाचक कोण, हेही आधी ठरलेलं नसतं. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीनं १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाशाची पाहणी केली. त्या नोंदींवर नव्या पद्धतीनं पुन्हा प्रक्रिया करून दुसऱ्याच एका गटानं २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. २०११ मधल्या एखाद्या कंटाळवाण्या पाळीत कुणी मोटार वेळेवर दुरुस्त केली, तिचा लाभ सहा वर्षांनी अशा लोकांना झाला ज्यांचा त्या पाळीशी काही संबंध नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की हे कष्ट आदरणीय असले तरी ते ज्ञान नव्हे. ज्ञान प्रश्न विचारणाऱ्याचं, आणि यंत्रातल्या उणिवा हल्ली संगणक आणि संख्याशास्त्र भरून काढतात. आक्षेपात तथ्य आहे, पण थोडंच. २०२० मध्ये पुण्याच्याच संशोधकांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन या दुर्बिणीनं मोजला. एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात पार बुडालेला. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. सरासरीनं गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबानं घटतो, म्हणजे इथे साधारण ८७ पट. पण घटतो तो स्वैर गोंगाट. जो दोष दर वेळी एकाच बाजूला झुकलेला असतो, तो सरासरीत वितळत नाही. उलट भोवतीचा गोंगाट ओसरला की तो स्पष्ट दिसू लागतो आणि शोधाचं सोंग घेऊन उभा राहतो. अशा दोषाला यंत्राजवळ जाऊनच गाठावं लागतं. म्हणून तर निरीक्षणाच्या मध्ये पुन्हा पुन्हा तबकड्या एखाद्या ओळखीच्या, तेज ठाऊक असलेल्या स्रोताकडे वळवतात आणि मगच अनोळखी आकाशाकडे परततात. हा वेळ वाया जातो असं वाटणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची हकीकत आठवावी. तिथे १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक स्पंदनं नोंदली जात होती. त्यामुळे त्याच दुर्बिणीच्या नोंदींत २००७ मध्ये सापडलेल्या, खरोखर दूरच्या विश्वातून आलेल्या रेडिओ स्फोटाविषयीही संशय रेंगाळत राहिला. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार तो चालू असतानाच कुणी उघडलं की ते स्पंदन निघायचं. स्वयंपाकघराचा छडा लागला, खोटं बाजूला पडलं आणि खऱ्याला मान मिळाला. हे काम ज्ञान नव्हतं असं म्हणायचं तर ज्ञानाची व्याख्याच बदलावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. जुन्या यंत्रात पैसा ओतण्यापेक्षा नवं बांधा. भारत स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सामील झाला आहे, त्यासाठी सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर आहेत. मग खोडदच्या जाळ्या रंगवत कशाला बसायचं? आधी हे पाहावं की नव्याचं शहाणपण आलं कुठून. खोडदचा कायापालट झाला तेव्हा तबकड्या त्याच राहिल्या, पण त्यांचे ग्राहक आणि मागचा संगणकीय डोलारा बदलला. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू लागली. दुर्बीण वर्षानुवर्षं बंद न ठेवता, निरीक्षणं चालू असतानाच हे साधलं. जुनी व्यवस्था खडान् खडा ठाऊक असलेल्या माणसांशिवाय हे शक्य नव्हतं, आणि अशी माणसं निविदा काढून मिळत नाहीत. उलट बाजूला अरेसिबो आहे. प्वेर्तो रिकोच्या डोंगरातली ती ३०५ मीटरची दुर्बीण १९६३ पासून चालली. दोन ताऱ्यांच्या जोडीत फिरणारा पहिला स्पंदक (पल्सार) तिनंच १९७४ मध्ये दाखवला. २००६ पासून तिच्या निधीला कात्री लावण्याच्या शिफारशी होत गेल्या. २०१७ च्या मारिया वादळानंतर तिच्या लोंबत्या मंचाच्या केबली खोबणीतून सरकल्याच्या खुणा दिसल्या होत्या, पण त्यांना द्यायला हवं तेवढं महत्त्व दिलं गेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली, आणि १ डिसेंबरला सुमारे नऊशे टनांचा मंच खालच्या तबकडीवर कोसळला. दोष नुसत्या पैशाच्या कमतरतेचा होता असं मी म्हणणार नाही; जस्ताच्या ज्या खोबणीत केबली रुतवल्या होत्या तिचं वागणंही तज्ज्ञांना अनपेक्षित होतं. पण खूण दिसणं आणि खुणेवरून कृती होणं यांत जी फट पडली ती देखभालीचीच होती. जुनी यंत्रं कधी बंदच करू नयेत असाही माझा आग्रह नाही. बंद करायचीच तर ठरवून करावीत, हळूहळू उपाशी ठेवून नव्हे.

तिसरा आक्षेप खोडदच्या आसपास राहणाऱ्यांचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. दुर्बिणीची निगा कुंपणापाशी थांबत नाही. रेडिओ शांतता ही तिची खरी जमीन आहे आणि ती परिसरातल्या सगळ्यांच्या मोबाइल मनोऱ्यांवर, कारखान्यांवर, विजेच्या तारांवर अवलंबून आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग नारायणगावच्या बाजूनं नेण्याचा आराखडा होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो वळवावा अशी भूमिका घेतली गेली आणि तालुक्यात नाराजी उसळली. आमची रेल्वे दूरच्या ताऱ्यांसाठी का अडावी, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ‘राष्ट्राची शान’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, आणि दरवर्षी विज्ञान दिनाला भरणारं प्रदर्शन, मुलांना कितीही आवडत असलं, तरी तेही नाही. उत्तर मोजमापातूनच यायला हवं. कोणत्या वारंवारितेवर, किती अंतरावरून, किती बाधा; कोणती उपकरणं झाकून भागेल आणि कोणती नाही; कुठे दुर्बिणीनं नमतं घ्यावं आणि कुठे रुळांनी. हे मोजमाप तेच लोक करू शकतात जे रोज परिसरातल्या गोंगाटाचा माग काढत असतात. त्यांचे आकडे गावासमोर, मराठीत, वादाला तोंड फुटण्याआधी मांडले जायला हवेत. एखाद्या जागी ते दुर्बिणीच्या विरुद्ध गेले तरीही.

मग या कामाला मोजायचं कसं? आज खोडदच्या निरीक्षणांवर लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शेवटी कर्मचाऱ्यांचे आभार मानणारं एक ठरलेलं वाक्य असतं. वाक्य खरं आहे, पण ते सर्वांना सारखंच लागू असल्यानं कुणालाच लागत नाही. स्पंदकांचा काळ मोजणाऱ्यांनी नकळत याहून चांगली वाट दाखवली आहे. त्यांना वर्षानुवर्षांच्या कालावधीत हेलकावणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधायच्या असतात. २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी एकत्र येऊन अशा लहरींच्या खुणा जाहीर केल्या, त्यात खोडदची निरीक्षणं होती. एवढ्या लांब मुदतीत यंत्रं बदलतात. बदलाच्या तारखेला नोंदींत सूक्ष्म उडी पडते, आणि ती उडी आकाशाची समजली जाऊ नये म्हणून विश्लेषणाच्या समीकरणात तिच्यासाठी वेगळं पद घालावं लागतं. म्हणजे कुठल्या दिवशी कोणतं उपकरण काढलं आणि कोणतं बसवलं हे आभाराच्या परिच्छेदातून उठून थेट गणितात जाऊन बसतं. माझी मागणी एवढीच की नोंदवहीही त्या तारखेच्या मागोमाग जावी. दुरुस्तीच्या आणि बदलाच्या नोंदी निरीक्षणांच्या आकड्यांसारख्याच जतन व्हाव्यात, लिहिणाऱ्यांच्या नावांसह खुल्या व्हाव्यात, आणि निबंधात आकड्यांचा हवाला देतात तसाच त्यांचाही द्यावा. बढतीच्या समितीपुढे बसलेल्या अभियंत्याला मग काही तरी दाखवता येईल.