दिलेला आणि निवडलेला

इंग्रजी शिकवण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याला एक खोड जडते. दोन शब्द शेजारी बसलेले दिसले, की त्यांची सोयरीक कोणी जमवली याची तो चौकशी करू लागतो. लेकरांविषयी इंग्रज काय बोलतो तेच पाहा ना. तो मूल 'हॅव' करतो. पुस्तक, घोडा, पडसे आणि पुत्र या सर्वांना त्याचे हे एकच क्रियापद पुरते. आपण 'माझ्याजवळ दोन पुस्तके आहेत' म्हणू, परंतु 'मला दोन मुले आहेत' असेच म्हणू. 'माझ्याजवळ दोन मुले आहेत' म्हणावे, तर ऐकणारा 'मग बाकीची कुठे असतात?' असे विचारल्यावाचून राहायचा नाही. आपल्याकडे मूल 'होते', जसा पाऊस होतो. त्यात मालकीचा गंध नाही.

लाडावलेल्या पोराला इंग्रज 'स्पॉइल्ट' म्हणतो, म्हणजे नासलेल्या दुधाच्या पंक्तीला नेऊन बसवतो. आपला 'शेफारलेला' इतका निराश नाही. तो ताळ्यावर येण्याची आशा असते.

पण हा झाला वाग्विलास. मला खरोखर अडवून धरतो तो शब्द 'अॅडॉप्ट'. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'निवडणे' हा धातू आहे. आपला 'दत्तक' म्हणजे दिलेला. एकाच कृत्याकडे इंग्रजी घेणाऱ्याच्या ओसरीवरून पाहते, संस्कृत देणाऱ्याच्या. आणि गंमत अशी, की ज्यांच्या डलहौसीने गंगाधररावांचा दत्तक पुत्र वारस न मानता १८५४ साली झाशी खालसा केली, त्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात दत्तकाचा पहिला कायदा १९२६ साली झाला! आपल्या १९५६ च्या कायद्याने मुलीही दत्तक घेता येऊ लागल्या. होमहवन आवश्यक राहिले नाही. परंतु मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र त्यानेही राखले.

मी स्वतः दत्तक आहे. आम्ही चार भाऊ आणि धाकट्या काकांना मूल नव्हते. पाचव्या वर्षी माझे दत्तविधान झाले. त्या दिवसापासून काकू माझी आई झाली आणि जन्मदात्रीला मी काकू म्हणू लागलो. दिवाळीत तिच्या घरी गेलो, की निघताना ती माझ्या हातावर नारळ ठेवी, पाहुण्याच्या हातावर ठेवतात तसा. माझे भाऊ बाजूला उभे राहून पाहत असत. त्यांना नारळ मिळत नसे. त्यांचा मला किती हेवा वाटे!

शाळेतली पोरे मला 'दिलेला' म्हणत. पुढे कॉलेजात 'अॅडॉप्ट' शब्दाचे मूळ कळले, तेव्हा मी हरखून गेलो. चौघांतून मला कोणी तरी निवडले होते! कित्येक वर्षे त्या लॅटिन धातूवर मी जगलो म्हटले तरी चालेल. एक बोच मात्र राहिली. त्या शब्दात घेणारा आहे, घेतलेला आहे. देणारीला बसायला त्यात पाटसुद्धा नाही.

माझी दत्तक आई थकल्यावर मी तिला एकदा विचारले, "आई, चौघांतून तू मलाच का निवडलेस?"

ती म्हणाली, "आम्ही कसले निवडतो? मागायला गेलेल्याने निवडू नये. थोरला द्यायचा नसतो, धाकटा अंगावर पीत होता. राहिलात तुम्ही दोघे. 'जो द्याल तो,' एवढेच आम्ही म्हणालो. वहिनींनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी तुझे बोट धरून आणले आणि म्हणाल्या, 'त्याला दम्याचा त्रास आहे, तो माझ्याकडेच असू दे. हा धडधाकट आहे, हा न्या.'"