नळदुर्ग वरून पाहायचा असेल तर

तुळजापूर, रविवार

चि. बाळास,

सुट्टीत स्वतःच्या हातानं ड्रोन जोडायचा आणि नळदुर्ग किल्ल्याचा फोटो आकाशातून काढायचा, हा तुझा बेत आईनं फोनवर सांगितला. मामाला तो मनापासून पटला.

पावसाळ्यात किल्ल्यातल्या पाणीमहालासमोर उभा राहणारा माणूस नर आणि मादी हे दोन धबधबे बघतो आणि परततो. पण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर घातलेली पाणीमहालाची ती भिंत मुख्य किल्ल्याला रणमंडळ या उपदुर्गाशी कशी जोडते आणि नदी किल्ल्याच्या कामाला कशी लावली आहे, हे एका नजरेत कळतं ते वरूनच. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या हवाई छायाचित्रांच्या पुस्तकानं अशी नजर घरोघरी पोचवली. त्यासाठी हेलिकॉप्टर लागलं होतं. आज दीड किलोचं यंत्र पुरतं.

आणि ते यंत्र विद्यार्थ्यांना जोडता येतं. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन कंपनी सुरू केली. ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी तरंगणारं चार पंख्यांचं यंत्र त्यांचंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांना मात्र मुभा ठेवली, म्हणजे स्वतः जोडणाऱ्याची वाट मोकळी आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून कर. फ्रेम, चार मोटरी, प्रत्येक मोटरीचा वेग सांभाळणारे चार ईएससी, फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस, बॅटरी, कॅमेरा आणि त्याला स्थिर धरणारा गिंबल, सगळ्यांची बेरीज मांड. चारही मोटरींची मिळून उचल त्या बेरजेच्या निदान दुप्पट हवी. दीड किलोला तीन किलो. पहिल्या ड्रोनला ४५० मिलिमीटरची फ्रेम आणि दहा इंची पंखे सोयीचे पडतात.

कर्णावरच्या दोन मोटरी एका दिशेनं फिरतात, उरलेल्या दोन उलट. म्हणून यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. फ्लाइट कंट्रोलर जायरो या संवेदकाकडून कल ओळखतो आणि सेकंदाला शेकडो वेळा मोटरींचा वेग कमीजास्त करतो. एखादा पंखा उलटा बसला, तर उड्डाण होण्याआधीच यंत्र कलंडतं.

लिथियम पॉलिमर बॅटरीशी हलगर्जी नको. तिचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. उडताना साडेतीनच्या जवळ आला की उतरायचं. वापर नसेल तेव्हा ३.८ वर ठेवायची. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ती बंद गाडीत किंवा उन्हात कधीच ठेवू नकोस. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

टेबलावर मोटरी तपासताना पंखे काढलेलेच असले पाहिजेत. दहा इंची पंखा बोटं कापतो. रिमोटचा संपर्क तुटला तर यंत्र आपोआप परत यावं, ही सोय पहिल्या उड्डाणाआधी लावून घे. ड्रोनमधल्या होकायंत्राची जुळणी पत्र्याच्या शेडपासून आणि गाड्यांपासून लांब कर. सोयाबीन निघालेलं मोकळं रान सरावाला उत्तम. फक्त खाली ताडपत्री अंथर, नाहीतर काळ्या रानाची धूळ मोटरीत जाते. सकाळी वारा पडलेला असतो आणि उजेडही तिरपा असतो. भिंतीचा उठाव त्याच उजेडात येतो.

आता कायदा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर ते दोन किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात येतो. त्याच्या बिगरव्यावसायिक वापराला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचं शूटिंग करून पैसे घ्यायचे ठरवलंस तर लागतं. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घे, सरकारी नकाशावर आपला भाग विनापरवानगी उडवता येणाऱ्या हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा आणि तिथंही ४०० फुटांच्या आत राहा. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तेव्हा पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तिथं यंत्र उचलायचं नाही. तुळजापूरच्या गर्दीवर तर नाहीच.

कॅमेरा शेवटी बसव. त्याआधी तेवढ्याच वजनाचा दगड बांधून वीस वेळा अलगद उतरवून दाखव. दिवाळीला मामा नळदुर्गला येतोय. तोवर भागांच्या वजनाची यादी वहीत लिहून ठेव. खरेदी ती तपासल्यावरच करू.

तुझा,
मामा