कोल्हापूरचा कॅमेरा

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या कारकिर्दीचा विचार करताना त्यांच्या चित्रपटांइतकेच महत्त्व त्यांनी घडवलेल्या कॅमेऱ्याला द्यावे लागते. मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घराणे हातकामाचे, सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम आणि चित्रकला एकाच छपराखाली चालत. बाबूराव कलाशाळेची पायरी चढले नाहीत. लाकूड कसे कापावे, धातू किती घासला की जागेवर बसतो, रंगाच्या कोणत्या छटेने पडद्यावर खोली येते, हे सारे घरातच कळत गेले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव त्यांच्यासोबत होते. १९१० नंतरच्या काही वर्षांत या दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे नावाजले गेले. ‘पेंटर’ हे आडनाव त्या पडद्यांनीच दिले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पडदे रंगवणाऱ्या या दोन कलावंतांना पडद्यावरची हालती चित्रे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. अडचण यंत्राची होती. फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या भावांजवळ तेवढा पैसा नव्हता आणि लवकरच सुरू झालेल्या महायुद्धामुळे परदेशी यंत्र मागवणेही कठीण झाले. त्यांनी मुंबईहून एक प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला आणि त्याच काळात स्वतःचा कॅमेरा जुळवायला घेतला.

प्रोजेक्टरवरून कॅमेऱ्याकडे जाण्यात मोठी समज आहे. दोन्ही यंत्रांचा गाभा एकच. फिल्मच्या कडेला असलेल्या छिद्रांत दाते अडकतात, एक चौकट खाली ओढली जाते, क्षणभर स्थिर राहते, मग पुढची येते. फिल्म हलत असते तेव्हा फिरती झडप प्रकाश अडवते. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. प्रोजेक्टर समोर उघडून ठेवला की अर्धा कॅमेरा शिकून होतो. खरी परीक्षा उरलेल्या अर्ध्याची. प्रोजेक्टरमधून थोडा उजेड झिरपला तरी खेळ चालतो. कॅमेऱ्याच्या पेटीत एका सांध्यातून जरी उजेड शिरला तरी सारी फिल्म वाया. प्रत्येक चौकट नेमक्या त्याच जागी थांबली नाही, तर पडद्यावरचे घर, झाड, माणूस सगळे थरथरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात आणि मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी घेतल्या जात. म्हणजे हाताने हँडल फिरवणाऱ्याने दर सेकंदाला फूटभर फिल्म एकाच लयीत पुढे न्यायची. दातेरी चक्र केसभर चुकले तर ही लय सांभाळणे कुणालाच शक्य नाही. मेस्त्री घराण्याचे सुतारकाम आणि लोहारकाम इथे कामी आले. पेटी प्रकाशबंद करणे हे सुताराचे कौशल्य, दाते एकसारखे कापणे हे लोहाराचे, आणि भिंगासमोर काय मांडावे हे चित्रकाराचे.

कॅमेरा पुरा होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. ज्याच्या बरोबरीने हात चालत होता तोच उरला नाही. तरीही काम थांबले नाही. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातल्या स्टुडिओंविषयी, ताऱ्यांविषयी, गाण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने कोल्हापूरच्या कारखान्यात कानस आणि हातोडी घेऊन घालवलेल्या या वर्षांविषयी फारच थोडे लिहिले गेले, ही उणीव आहे.

कॅमेरा झाला, पण चित्रपट काढायला भांडवल हवे. ते मिळवून देणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ झळकला. कथा कीचकवधाची. त्या काळी स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करत. बाबूरावांनी त्या स्त्रियांना दिल्या. गुलाबबाई पडद्यावर कमलादेवी झाल्या आणि अनसूयाबाई सुशीलादेवी. समाजाने या दोघींना जवळ केले नाही. त्यांचे धैर्य कॅमेरा घडवणाऱ्यांच्या चिकाटीहून कमी नव्हते. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे त्यावर कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या टिळकांना इथल्या हातांनी केलेल्या कॅमेऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसणार.

एकदा यंत्र आतून कळले की त्याच्या मर्यादाही कळतात, आणि बाबूरावांचे पुढचे काम या मर्यादांशी झुंजण्याचेच आहे. त्या वेळची फिल्म लाल रंगाला दाद देत नसे. लाल वस्त्र काळे दिसे, निळे आकाश पांढरे पडे. अशा फिल्मवर चित्र घेणाऱ्याला रंग विसरून छटांमध्ये विचार करावा लागतो. पडदे रंगवून तयार झालेल्या डोळ्याला ते जमले. आणि याच माणसाने चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांचा आधार सोडून खोली असलेले, उभे केलेले सेट आणले. नेपथ्य, वेशभूषा आणि प्रसंगांची रेखाटने तो आधी कागदावर काढून घेई. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. सूर्यावर विसंबून चालणाऱ्या चित्रीकरणाला ही मोठी मोकळीक होती. ‘कल्याण खजिना’च्या वेळी चित्रपटाची रंगवलेली भित्तिपत्रके स्वतः काढली. कॅमेऱ्याच्या मागचा माणूस, सेट उभारणारा, पोस्टर रंगवणारा, असे भाग त्यांच्या लेखी वेगळे नव्हतेच.

या साऱ्याची परिणती १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये झाली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट सावकाराच्या हाती जमीन गमावून शहरात मजुरी करायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात अंधूक उजेडातली एक मोडकी झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे दाखवायला कॅमेरा थांबतो, ही दृष्टी यंत्र विकत घेऊन येत नाही. बाबूरावांचे हे सर्वांत मोठे काम, असे निःशंकपणे म्हणता येते.

कॅमेऱ्याभोवती जमलेली माणसे पुढे आपापल्या वाटेने गेली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. कॅमेरा जुळवायला बसलेले दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार झाले आणि फत्तेलाल यांच्यासह त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला, ज्याचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र बोलपटाच्या लाटेत टिकली नाही. बाबूरावांनी ‘उषा’, बोलपट रूपातला ‘सावकारी पाश’, ‘प्रतिभा’ असे चित्रपट केले, पण त्यांचा जीव चित्रकला आणि शिल्पकलेत अधिक रमत गेला. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला उभारलेला कॅमेरा स्तंभ त्यांच्या त्या यंत्राची आठवण करून देतो.

त्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती आपोआप कुजते, सहज पेटते, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठीही पुष्कळ फिल्म नष्ट केली गेली. मूक ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. ‘मुरलीवाला’ (१९२७) सारख्या चित्रपटांचे काही भागच उरले आहेत. कोल्हापूर, सांगली, पुणे इथल्या जुन्या घरांत महाराष्ट्र फिल्म कंपनीची माहितीपुस्तिका, स्थिरचित्र, भित्तिपत्रक किंवा फिल्मचा डबा सापडला, तर तो रद्दीत देऊ नये. नायट्रेटचा डबा घरीच उघडून पाहण्याचा प्रयत्नही करू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला त्याविषयी जरूर कळवावे.