लाडबोरीत पडलेली कडी

मुलांनो, 2022 चा गुढीपाडवा आठवतो का? 2 एप्रिल. रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशच्या आकाशातून जळते पट्टे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. तो चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

ती का पडली, असं वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं, "पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात सापडली म्हणून!" नाही बरं का. ती त्यातून सुटली होती कधी? 400 किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. मग इतके दिवस ती पडली कशी नाही?

पडतच होती! हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर खाली येतो. तोच दगड सेकंदाला 8 किलोमीटर वेगाने आडवा फेकला तर? 8 किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही 5 मीटर खाली वळतो. म्हणजे दगड जितका पडतो, तितकीच जमीन त्याच्याखालून दूर जाते. न्यूटनने हेच डोंगरावरच्या तोफगोळ्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं. (हवा नाही असं धरायचं, हे विसरू नका.)

खरी गोम त्या हवेतच आहे. वर ती अगदी विरळ असते, पण वेग थोडाथोडा खातेच. वेग घटला की वाट जमिनीकडे झुकते, खाली हवा आणखी दाट, की वेग आणखी कमी. म्हणून ते पट्टे डोक्यावरून सरळ खाली न येता आकाशात आडवे पळताना दिसले. वाचलेले तुकडे मात्र शेवटी हवेने इतके मंदावतात, की जवळजवळ उभे खाली येतात. कडीने खड्डा पाडला नाही तो यामुळेच. लोणारला आदळलेला पाषाण हवेला आवरण्याजोगा नव्हता, त्याने सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर कोरलं.

आता एक हिशेब तुम्हीच करा. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेग आणि अंदाज फक्त एका मिनिटाने चुकला, तर तुकडा किती दूर पडेल? 450 किलोमीटर! वरच्या हवेची दाटी सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते, त्यामुळे मिनिटांचा नेमका अंदाज लागत नाही. लाडबोरीला आधी कुणी सावध करू शकलं नसतं, ते यामुळे.