नावाचं तेल, बिननावाचं तेल

चिखलीला किराणा भरायला गेले की अलीकडे एक गोष्ट डोळ्यांत भरते. तेलाच्या मांडणीपुढे बायका थबकतात, टीव्हीवर झळकणाऱ्या कंपनीचा पाऊच उचलतात, किंमत बघतात आणि मुकाट्यानं खाली ठेवतात. मग शेजारचा, त्या दुकानाच्याच नावाचा पाऊच पिशवीत टाकतात. ओळखीचं कुणी बघत तर नाही ना, अशी एक नजर फिरते. त्या नजरेनं मला फार वाईट वाटतं. कमीपणा कसला त्यात? आपल्या घरात तेलाला नाव होतंच कधी?

आमच्या घरी तरी नव्हतं. रानातली करडई आणि जवस घेऊन आजोबा गावातल्या घाण्यावर जात. तेल घरात यायचं, ढेप गोठ्यात जायची. आजी थेंबभर तेल दोन बोटांत चोळून हुंगायची आणि बसल्या जागी सांगायची, "दाना जुना व्हता वाट्टे." ज्वारीची भाकर, तिखट आणि त्यावर करडईच्या कच्च्या तेलाची धार एवढ्यावर आमची न्याहारी व्हायची. पुढे रेशनवर पामतेल आलं. ते थंडीत गोठायचं, म्हणून किटली चुलीच्या उबेला ठेवायची. त्यालाही नाव नव्हतं, पण सणावारी रांग लावून आणलेलं ते तेल घरात जपून वापरलं जाई.

लग्नानंतर सासरी दुकानातून सुटं तेल यायचं. दुकानदार पंधरा किलोच्या डब्यात हातपंप घालून आमच्या बरणीत तेल सोडी आणि वहीत मांडून ठेवी. तेल कुठलं, हे कुणी विचारत नसे. दुकानदार कोण, एवढं पुरेसं होतं.

ही सवय मोडली ती भीतीनं, आणि ती भीती खरी होती. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्यानं माणसं दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेल बंद पुडक्यातच विकावं, असा आदेश काढला. सुटं तेल खेड्यापाड्यांतून लगेच गेलं नाही, पण बंद पुडकं म्हणजे शुद्ध, आणि मोठं नाव म्हणजे अधिक शुद्ध, हे मनात बसलं. याच काळात करडईनं रान सोडलं. काटेरी पीक, सोंगायला मजूर मिळेना, आणि सोयाबीनचा पैसा लवकर हाती येई. जी करडई आम्ही सोडली, तिचंच तेल सफोला या नावानं शहरात हृदयाला चांगलं म्हणून विकलं जात होतं. ते बनवणाऱ्या मॅरिकोचा कारखाना आमच्या शेजारच्या जळगावात आहे.

आता चिखली, मेहकरकडे खरिपात जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन. 2024 च्या सप्टेंबरात, गणपती बसलेले असतानाच, केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून हे केलं, असं सांगितलं गेलं. दुकानातलं तेल दिवाळीच्या आधीच चढलं. आमचं सोयाबीन मात्र त्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खालीच गेलं. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं अठरा-वीस किलो. उरते ती पेंड, आणि दाण्याचा भाव बराचसा त्या पेंडीच्या बाजारावर ठरतो. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. सोयाबीन विकून त्याच पैशातून सोयाबीनचं तेल घ्यायचं आणि दोन्हीकडं दुसऱ्यानं सांगितलेला भाव मान्य करायचा, हे मला अजून पचत नाही.

म्हणून दुकानाच्या नावाचा पाऊच उचलणारी बाई मला शहाणी वाटते. अशा दुकानांची स्वतःची तेलगिरणी बहुधा नसते. दुसऱ्यानं शुद्ध करून भरलेल्या तेलावर ती आपलं नाव छापून घेतात. जाहिरात नाही, मधले हात कमी, म्हणून चार पैसे वाचतात. दोन्ही पाऊचांत रिफाइंड सोयाबीनच. आणि रिफाइंड तेलाचा वास, रंग कारखान्यातच काढून टाकलेला असतो, तिथं आजीचं नाक काय करणार? आता हुंगायचं ते डोळ्यांनी, पुडक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत.

तिथंच खरी मेख आहे. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. पण मांडणीत आठशे-साडेआठशे ग्रॅमचेही पाऊच असतात. उंचीला तेवढेच, फुगीरही तेवढेच. दहा रुपये स्वस्त म्हणून उचललेला पाऊच किलोच्या हिशेबात महाग पडतो. मी वजन, भरल्याची तारीख, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना आणि भरणाऱ्याचा पत्ता वाचते. पत्ताच नसेल तर फुकट मिळालं तरी घेत नाही. हल्ली लाकडी घाण्याचं तेल पुन्हा मिळू लागलंय, पण ते मोठ्या नावांपेक्षाही महाग. आजोबांचं रोजचं तेल आता हौसेचं झालं.

स्वस्त घेणाऱ्याला शुद्ध मिळालंच पाहिजे. शुद्धतेसाठी वेगळे पैसे मोजायला लावणं हा गरिबावरचा अन्याय आहे, आणि तो नावाजलेल्या कंपनीनं नव्हे, सरकारनं दूर करायचा आहे. दिवाळी आली की खव्याचे, मिठाईचे नमुने घेतल्याच्या बातम्या येतात. तसे तेलाचे नमुने तालुक्याच्या दुकानांतून वर्षभर घ्यावेत आणि निकाल तहसील कचेरीच्या फळ्यावर मराठीत लावावा, नावाचं तेल आणि बिननावाचं तेल एकाच यादीत. तोवर मी शेजारणीला घेऊन बाजाराला जाते. तिचा चष्मा घरी राहिला असेल, तर मागचा मजकूर मीच मोठ्यानं वाचते, म्हणजे आजूबाजूच्यांनाही ऐकू जातो.